लोकरीसारखे बर्फ आणि त्रोवसात राहिलेला झगा: पवित्र शास्त्रातला हिवाळा

कणीस (धागाकर्ती), नगर

सर्वांना जय ख्रिस्त.

आगमनकाळातल्या, म्हणजे नाताळाआधीच्या आठवड्यांतल्या, आमच्या सायंउपासनेसाठी या वर्षी हिवाळ्याची वचने निवडण्याचे काम माझ्याकडे आले आहे. आरंभी ते सोपे वाटले. नाताळच्या भेटकार्डांवरची बर्फाने झाकलेली घरे पाहतच आपण मोठे झालो, आणि भाषांतरित गीतांमधून बेथलेहेमावर इतकी वर्षे बर्फ पडत आले आहे की ते तिथलेच आहे असे आपण धरून चालतो. पण शास्त्र उघडून एकेक वचन वहीत उतरवू लागले तेव्हा ध्यानात आले की त्या देशातला हिवाळा भेटकार्डावरचा तर नाहीच, पण आपल्या नगर-सोलापूरकडचा कोरडा हिवाळाही नाही.

कनान देशात, म्हणजे शास्त्रातल्या इस्राएलाच्या देशात, पाऊस पडतो तोच मुळी हिवाळ्यात. ऑक्टोबरच्या सुमारास पहिला पाऊस येतो, उन्हाने दगड झालेली जमीन भिजते, नांगर चालू लागतो आणि गहू व जव पेरले जातात. डिसेंबर ते फेब्रुवारी मुख्य पाऊस असतो. मार्च-एप्रिलमधला शेवटचा पाऊस कणसात दाणा भरतो. आणि त्यानंतर सप्टेंबर संपेपर्यंत आभाळ जवळजवळ कोरडे राहते. आपल्या मराठी शास्त्रात या दोन पावसांना 'आगोटीचा' आणि 'वळवाचा' असे शब्द आले आहेत. भाषांतरकारांनी ते आपल्या शेतकऱ्याच्या तोंडातून घेतले याचा मला अभिमान वाटतो, पण त्यामुळे एक घोटाळाही होतो. आपल्याकडे वळीव आधी, उन्हाळ्यात कोसळतो आणि आगोट त्यानंतर जूनमध्ये येते. तिथे आगोटीचा पाऊस हिवाळ्याच्या तोंडाशी आणि वळवाचा त्याच्या शेवटी. शब्द घरचे असल्यामुळे आपण महिनेही घरचेच धरतो.

गीतरत्नाच्या दुसऱ्या अध्यायात हिवाळा सरला आणि पाऊस संपून गेला असे एका दमात म्हटले आहे. लहानपणी मी आईला विचारले होते की पाऊस तर दिवाळीच्या आधीच संपतो, मग हिवाळा सरल्यावर पुन्हा कसा संपेल. आई तेव्हा ज्वारी निवडत होती. सुपातले खडे बाजूला काढता काढता ती म्हणाली, "त्यांचा देश वेगळा आहे, बाई." त्याहून चांगले उत्तर मला अजून सापडलेले नाही. त्या देशात ते दोन ऋतू नव्हतेच; पावसाची रिपरिप, चिखल, अंगात शिरणारी थंडी आणि पेरणी हे सगळे मिळून त्यांचा हिवाळा होता. एज्राच्या दहाव्या अध्यायात यहूदी नवव्या महिन्याच्या (आपल्या नोव्हेंबर-डिसेंबरच्या) विसाव्या दिवशी देवाच्या मंदिरासमोरच्या चौकात बसलेले लोक समोरच्या गोष्टीच्या भीतीने आणि मुसळधार पावसाने थरथर कापत होते असे लिहिले आहे. तिथे भय आणि गारठा यांच्यामध्ये रेघ ओढता येत नाही.

आता माझी मूळ अडचण मांडते. स्तोत्र 147 मधली 16 ते 18 ही वचने मला मध्यभागी ठेवायची आहेत. देव बर्फ लोकरीसारखे देतो, दहिवर (गोठलेले दव) राखेसारखे पसरतो, गारा तुकड्यांसारख्या टाकतो. 'तुकड्यां'साठी तिथे जो इब्री शब्द आहे तो भाकरीच्या तुकड्यासाठी वापरला जातो. म्हणजे लोकर, राख आणि भाकरीचा तुकडा: स्तोत्रकर्त्याने आभाळातल्या तिन्ही गोष्टींसाठी एकाच गरीब घरातल्या तीन वस्तू उचलल्या, अंगावरचे पांघरूण, चुलीतली राख आणि टोपल्यातले अन्न. आणि लगेच तो विचारतो की त्याच्या गारठ्यापुढे कोण टिकेल?

सध्या आमच्या भागात साखर कारखान्यांचा हंगाम चालू आहे. शिवाराच्या कडेला ऊसतोड कामगारांच्या कोप्या उभ्या आहेत, आणि पहाटे चारला बैलगाड्या जुंपणाऱ्या बाया डोक्यावर पोते घेऊन निघतात. स्वेटर घालून, चर्चची दारे लावून घेऊन आपण 'त्याच्या गारठ्यापुढे कोण टिकेल' असे स्तुती म्हणून वाचावे का, हा प्रश्न मला पडला आहे. निर्गमाच्या 22 व्या अध्यायात गरिबाचे वस्त्र गहाण घेतलेस तर सूर्य मावळण्यापूर्वी ते परत कर, कारण तेच त्याचे पांघरूण आहे, तो दुसरे काय घेऊन निजेल, अशी आज्ञा आहे. ज्या देवाने गारठा पाठवला त्यानेच ही आज्ञा दिली. ही दोन वचने शेजारी शेजारी कशी वाचावीत, हे मला तुम्हा सर्वांकडून शिकायचे आहे.

द्राक्षमांडव, निफाड तालुका

ताई, तुमचा धागा रात्री वाचला आणि आज सकाळी बागेतून फिरताना तोच डोक्यात होता.

आमच्याकडे कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा किती खाली आला हे डिसेंबर-जानेवारीत रोज सकाळी आधी विचारले जाते, चहा नंतर. पारा चार-पाच अंशांवर उतरला की द्राक्षमण्यांची वाढ थांबते, आणि पाणी उतरलेल्या मण्यांना तडे जातात. अशा रात्री आम्ही बांधाबांधाने शेकोट्या पेटवतो, म्हणजे बागेवर धूर धरून राहतो आणि थोडी ऊब टिकते. मागे एका पहाटे मांडवाच्या कडेच्या गवतावर बॅटरी मारली तेव्हा पात्यांवर करडी-पांढरी भुकटी दिसली. मला वाटले की आमच्याच शेकोटीची राख उडून बसली आहे. बोट लावले तर ती गार होती आणि बोटावर पाणी झाली. 'दहिवर राखेसारखे' हे वचन मी पाळकांच्या तोंडून कितीदा ऐकले असेल, पण ते कळले त्या पहाटे. ज्याने ते लिहिले त्यानेही कधीतरी बोट लावून पाहिले असावे असे मला मनापासून वाटते.

स्तोत्र 78 च्या 47 व्या वचनात मिसरातल्या पीडांचे वर्णन करताना देवाने त्यांच्या द्राक्षवेली गारांनी आणि उंबराची झाडे हिमाने मारली असे आहे. द्राक्षवाल्याला हे वचन वाचताना गळ्यात काहीतरी अडकते. परंतु तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे एक अर्धे उत्तर आहे. ज्या रात्री माझ्या मण्यांना तडे जातात त्याच रात्री बांधापलीकडे चुलतभावाचा गहू जोम धरतो, कारण गव्हाला फुटवे फुटायला थंडी लागते. हरभऱ्यालाही ती मानवते. भाऊ उपासनेत थंडीसाठी उपकारस्तुती करतो तेव्हा मी शेजारच्याच बाकावर बसलेला असतो. प्रारंभी मला ते लागायचे. आता मी त्याच्या 'आमेन'मध्ये माझाही 'आमेन' मिळवतो, जरी माझा थोडा उशिरा येतो.

ईयोबाच्या 38 व्या अध्यायात देव विचारतो की हिम कोणाच्या उदरातून निघाले आणि आकाशातल्या दहिवराला कोणी जन्म दिला. तिथे आपल्या दुःखाचे कारण विचारणाऱ्या ईयोबाला उत्तर मिळत नाही, फक्त प्रश्न मिळतात, आणि तरीही त्याचे समाधान होते. बागेचा पंचनामा होऊन गेल्यावर मी तोच अध्याय वाचतो.

शुश्रूषा, मिरज

मी तीस वर्षे कुष्ठरुग्णांच्या सेवेत परिचारिका होते. हिवाळ्याच्या वचनांची निवड चालली आहे म्हणून एका गोष्टीकडे लक्ष वेधावेसे वाटते.

'बर्फासारखे पांढरे' म्हटले की आपल्याला यशया 1:18 आणि स्तोत्र 51 आठवतात, आणि ते योग्यच आहे. या दोन्ही ठिकाणी 'पांढरे होणे' यासाठी जी इब्री धातू आली आहे तीच लबानोन या नावातही आहे. त्या पर्वतावरचे बर्फ दुरून दिसत असल्यामुळे शुभ्रता म्हणजे काय हे त्या लोकांना वेगळे सांगावे लागत नसे. पण हीच बर्फाची उपमा गणना 12 मध्ये मोशेविरुद्ध बोललेल्या त्याच्या बहिणीला, मिर्यामेला, निर्गम 4 मध्ये मोशेच्या हाताला आणि 2 राजे 5 मध्ये अलीशाचा चाकर गेहजी याला लावलेली आहे, आणि तिथे ती रोगाची आहे. म्हणजे शास्त्रात बर्फाचा पांढरेपणा एकीकडे क्षमा दाखवतो आणि दुसरीकडे छावणीबाहेर घालवले जाणे.

आमच्या वॉर्डात एक आजी होत्या. त्यांना गावातल्या कोणीतरी हे मिर्यामेचे वचन ऐकवले होते, आणि आपण कोणाविरुद्ध काय बोललो म्हणून हे झाले, याचा त्या रोज शोध घेत असत. मी त्यांना पुन्हा पुन्हा सांगत असे की शास्त्रातला तो इब्री शब्द त्वचेच्या अनेक विकारांसाठी आहे, कपड्यांवरच्या आणि भिंतींवरच्या बुरशीसाठीसुद्धा लेवीयात तोच वापरला आहे. आपल्या वॉर्डातला आजार जंतूमुळे होतो, तो जंतू हान्सेन यांनी 1873 मध्ये नॉर्वेत शोधला. आणि या आजाराचे चट्टे फिकट किंवा तांबूस असतात, बर्फासारखे पांढरे नसतात, त्या जागी संवेदना गेलेली असते एवढेच. त्यांचे समाधान व्हायचे आणि दोन दिवसांनी पुन्हा तोच प्रश्न यायचा. थंडीत त्यांच्यासाठी मोठी भीती निराळीच होती: संवेदना नसलेले हात शेकोटीजवळ भाजले तरी कळत नाहीत. म्हणून रात्रपाळीला मी शेगडीपाशी त्यांच्या शेजारी बसून त्यांचे हात माझ्या हातांत धरत असे.

उपासनेत 'बर्फाहून शुभ्र' वाचताना एखादे वाक्य तरी या दुसऱ्या अर्थाबद्दल बोलले जावे, एवढी माझी विनंती आहे. समोर कोण बसले आहे हे आपल्याला नेहमी माहीत नसते.

ओवरी, वसई

शुश्रूषाताई, आपला प्रतिसाद वाचून बराच वेळ काही लिहिता आले नाही. आपल्याला मनापासून धन्यवाद.

आम्हा कॅथलिकांच्या शास्त्रात दोन जागा अशा आहेत ज्या प्रॉटेस्टंट बंधुभगिनींच्या प्रतीत मिळणार नाहीत, म्हणून त्या इथे ठेवतो. बेनसिराच्या ग्रंथात 43 व्या अध्यायात बर्फ पाखरांच्या थव्यासारखे उतरते, दहिवर मिठासारखे सांडते, आणि उत्तरेचा वारा सुटला की तळ्यातले पाणी बर्फाचे चिलखत अंगावर चढवते. दानीएलाच्या ग्रंथातल्या तीन तरुणांच्या गीतात थंडी, गारठा, हिम आणि दव यांना प्रभूचा धन्यवाद करण्यास सांगितले आहे, आणि हे गीत ते पेटलेल्या भट्टीत उभे राहून गात आहेत. आगीच्या मधोमध त्यांना बर्फाची आठवण व्हावी, यात मला फार मोठा विश्वास दिसतो.

आता धागाकर्त्या ताईंच्या प्रश्नाकडे येतो. मला वाटते, ऊब कोणाकडे आहे आणि ती कशासाठी वापरली जाते, याची शास्त्र बारकाईने नोंद ठेवते. यिर्मयाच्या 36 व्या अध्यायात नवव्या महिन्यात यहूदाचा राजा यहोयाकीम आपल्या हिवाळी महालात बसला आहे आणि पुढे शेगडी पेटलेली आहे. यिर्मया संदेष्ट्याने सांगितलेली आणि बारुखाने लिहून काढलेली गुंडाळी त्याला वाचून दाखवली जाते. तीन-चार स्तंभ वाचून झाले की तेवढा भाग चाकूने कापून शेगडीत टाकला जातो, आणि सगळी गुंडाळी जळेपर्यंत हे चालते. तिघे सरदार 'जाळू नका' अशी विनवणी करतात, तो ऐकत नाही. मला नेहमी त्या खोलीतली ऊब जाणवते. बाहेर पावसाळी थंडी आहे, यहूदाच्या गावांतून उपासासाठी आलेले लोक यरुशलेमेत आहेत, आणि आत देवाचे वचन हात शेकण्याच्या कामी येते आहे. याच अध्यायाच्या 30 व्या वचनात राजाला सांगितले जाते की त्याचे प्रेत दिवसा उन्हात आणि रात्री दहिवरात टाकलेले राहील. ज्या थंडीपासून त्याने स्वतःला वाचवले तीच शेवटी त्याच्यापर्यंत पोहोचते. आमोसाच्या तिसऱ्या अध्यायात हिवाळी महाल आणि उन्हाळी महाल दोन्ही पाडले जातील असे आहे, तेही याच्याच शेजारी वाचावे.

याउलट योहानाच्या दहाव्या अध्यायात आपला प्रभू आहे. पुनःस्थापनेचा सण होता आणि हिवाळा होता, असे योहान दोन शब्दांत सांगतो. हा सण मक्काबी या यहूदी लढवय्यांनी इ.स.पूर्व 164 मध्ये मंदिर पुन्हा शुद्ध केल्याच्या स्मरणाचा, किसलेव महिन्यातला, म्हणजे त्याच नवव्या महिन्यातला. येशू शलमोनाच्या देवडीत फिरत होता. देवडी म्हणजे आपल्या देवळांभोवतीच्या ओवरीसारखी छप्पर असलेली, आतून उघडी जागा. पाऊस-वाऱ्यात चौकात उभे राहता येत नसे तेव्हा लोक तिथे आसरा घेत असणार. तिथेच लोक त्याला घेरतात, तो मेंढरांविषयी बोलतो, आणि त्याला मारण्यासाठी दगड उचलले जातात. माझे इथले टोपणनाव त्याच जागेवरून घेतलेले आहे.

गलबत, रत्नागिरी

मी जहाजावर इंजीन विभागात होतो, आता निवृत्त आहे. हिवाळा आणि शास्त्र म्हटले की माझ्यासमोर प्रेषितांच्या कृत्यांचा 27 वा अध्याय उभा राहतो, कैदी पौलाला रोमला नेणाऱ्या जहाजाचा. उपासाचा दिवस होऊन गेला होता असे लूक लिहितो, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरमधला प्रायश्चित्ताचा दिवस. भूमध्य समुद्रात नोव्हेंबरपासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत जहाजे सहसा निघत नसत; वादळाइतकेच ढगांचेही भय असे, कारण सूर्य-तारे दिसले नाहीत तर दिशाच कळत नसे. बरोबर हेच 20 व्या वचनात घडते. 'सुंदर बंदर' नावाचे क्रेत बेटावरचे बंदर हिवाळा काढायला सोयीचे नाही म्हणून जहाजावरचे लोक त्याच बेटावरचे फेनिके बंदर गाठू पाहतात आणि युरकुलोन या ईशान्येकडच्या वादळी वाऱ्याच्या तावडीत सापडतात. चौदा रात्री, 276 माणसे. शेवटी मिलिता (आजच्या माल्टा) बेटावर ओलेचिंब होऊन चढलेल्या या माणसांसाठी तिथले लोक पाऊस व थंडी आहे म्हणून शेकोटी पेटवतात, आणि पौल स्वतः काटक्या गोळा करून आणतो. शेकोटी पेटवणाऱ्यांनी तेव्हा सुवार्ता ऐकलेलीही नव्हती.

हे ठाऊक असले की पौलाने आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचा (2 तीमथ्य) चौथा अध्याय वेगळा वाचला जातो. पौल बंदीत आहे. लूकच तेवढा त्याच्याजवळ आहे. तो तीमथ्याला लिहितो की त्रोवस शहरात कार्प नावाच्या माणसाकडे ठेवलेला झगा घेऊन ये, पुस्तके आण, विशेषतः चर्मपत्रे. आणि मग पुन्हा, हिवाळ्यापूर्वी येण्याचा होईल तितका प्रयत्न कर. त्या झग्यासाठीचा ग्रीक शब्द जाड, बिनबाह्यांच्या प्रवासी पांघरुणाचा आहे. आपण त्याला घोंगडी म्हटले तर अर्थ अधिक जवळ येईल असे मला वाटते. मेंढ्यांमागे फिरणारा धनगर पावसात आणि थंडीत जी डोक्यावरून घेतो ती. हिवाळ्यापूर्वी का, तर समुद्र बंद झाला की तीमथ्य वसंतापर्यंत येऊ शकणार नाही, आणि तोवर आपण असू की नसू हे पौलाला सांगता येत नव्हते. आपला जाण्याचा समय जवळ आला आहे हे त्याने त्याच अध्यायात लिहिले आहे. आम्ही जहाजावरून घरी पत्रे लिहीत असू तेव्हा मोठे विचार पहिल्या पानावर असत आणि 'लोकरीचे मोजे पाठव' हे शेवटी. पौलाचेही तसेच आहे, म्हणून ते पत्र मला जवळचे वाटते.

परदेशातील वाचक, कॅनडा

थोडेसेच लिहितो. इथल्या गव्हाच्या प्रदेशात शरदात पेरलेला गहू सगळा हिवाळा बर्फाखाली असतो, आणि शेतकरी बर्फ पडले नाही तर काळजी करतात, कारण बर्फाचा थर खालच्या रोपांचे उणे वीस-तीसच्या थंडीपासून रक्षण करतो. 'लोकरीसारखे' ही उपमा फक्त दिसण्यापुरती नाही, ती उबेचीही आहे, असे मला इथे आल्यावर वाटू लागले.

कणीस (धागाकर्ती), नगर

सर्वांचे प्रतिसाद छापून घेतले आणि दोन दिवस जवळ ठेवले.

कॅनडातल्या बंधूंचे निरीक्षण फार सुंदर आहे, पण ते स्तोत्रकर्त्याच्या तोंडी घालायला मी थोडी कचरते. यरुशलेम साडेसातशे मीटरहून उंचावर असले तरी तिथे बर्फ एखाद्या हिवाळ्यात पडते आणि लवकर विरघळते. महिनोन्महिने पिकावर बर्फाची घोंगडी राहील असा तो देश नाही. त्यांना बर्फ मुख्यतः पाणी म्हणून ठाऊक होते. यशया 55 मध्ये पाऊस आणि बर्फ एकाच ओळीत येतात, जमीन भिजवतात, पेरणाऱ्याला बी आणि खाणाऱ्याला भाकर देतात, आणि देवाच्या मुखातले वचनही तसेच रिकामे परतत नाही असे म्हटले आहे. स्तोत्र 147 च्या 18 व्या वचनातही तेच होते: तो आपला शब्द पाठवतो, ते विरघळते, पाणी वाहू लागते. आणि पुढच्याच वचनात तो आपला शब्द याकोबाला कळवतो; इब्रीत दोन्हीकडे शब्द तोच आहे. ज्याने बर्फ वितळते आणि जो इस्राएलाला वाचून दाखवला जातो, तो एकच शब्द.

शुश्रूषाताई, 'बर्फाहून शुभ्र' वाचण्यापूर्वी तुमचे म्हणणे मी मंडळीला सांगणार आहे, तुमच्या आजींची ओळख न देता. द्राक्षमांडव दादा, तुमच्या गार राखेबद्दलही सांगेन, तुमची परवानगी असेल तर.

वाचनाचा क्रम आता असा ठरवला आहे. ओवरी यांनी सांगितलेला यहोयाकीमाच्या शेगडीचा भाग आधी, पूर्ण. मग स्तोत्र 147, परंतु 17 व्या वचनातल्या 'कोण टिकेल' या प्रश्नापाशी वाचक थांबेल आणि पुस्तक उघडेच ठेवून खाली बसेल. त्यानंतर बाकांमधून दुसरा कोणीतरी उठून, व्यासपीठावर न जाता, आपल्याच जागेवरून पौलाच्या पत्रातल्या त्या ओळी वाचेल: झगा आण, हिवाळ्यापूर्वी ये. त्यासाठी मी आमच्या मंडळीतल्या एका आजोबांना विचारले आहे, जे पूर्वी मेंढरे राखत असत आणि अजूनही घोंगडी घेऊनच चर्चला येतात. त्यांनी दोनदा वाचून सराव केला आणि विचारले, "मग तो तीमथ्य वेळेवर पोचला का?" शास्त्र ते सांगत नाही असे मी म्हणाले.

ते खाली बसले की पहिला वाचक उठेल आणि 18 वे वचन वाचेल.